हनीक्रिस्प प्रयोगशाळेत जन्मलं नाही

अमेरिकेतल्या मराठी घरांत हनीक्रिस्प सफरचंद आता रोजच्या बाजारहाटातलं झालं आहे, आणि त्याच्यासोबत एक मजकूरही मराठीत फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: हनीक्रिस्प हे प्रयोगशाळेत जनुकं बदलून केलेलं सफरचंद आहे. मॅकून आणि हनीगोल्ड या दोन जाती जोडून ते बनवलं. त्यात साखर बेसुमार वाढवली आहे. बी वांझ ठेवलं आहे, म्हणजे शेतकरी कायम कंपनीच्या दावणीला. पेटंट घेऊन भाव चढवले, जाहिरात करून खपवलं. पुरावा हवा तर स्टिकरवर ८ ने सुरू होणारा आकडा पाहा.

यातलं एक विधान चुकीचं आहे, पण ते चुकायला चांगलं कारण आहे. एक अर्धं खरं आहे. बाकीची निखालस खोटी आहेत, आणि त्यांच्यामुळे या फळामागची खरी मेहनत झाकली जाते. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"जनुकं बदलून प्रयोगशाळेत बनवलं"

हनीक्रिस्पचा संकर झाला १९६० मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या फलसंशोधन केंद्रात. त्या काळी कुठल्याही वनस्पतीत बाहेरून जनुक घालण्याचं तंत्र जगात नव्हतं. ते यायला आणखी वीसेक वर्षं लागली. एवढी एक तारीख पाहिली तरी मजकुराचं पहिलं वाक्य गळून पडतं.

सफरचंदात संकर करायची रीत आजही तीच आहे. बापझाडाच्या उमलायच्या बेतात आलेल्या, फुग्यासारख्या फुगलेल्या कळ्या आणायच्या, त्यांतले परागकोश काढून दिवस-दोन दिवस कोरड्या जागी पसरायचे. ते फुटले की पिवळी पूड मिळते. आईझाडावरच्या तशाच न उमललेल्या कळीचे पाकळ्या आणि पुंकेसर काढून टाकायचे, म्हणजे तिचे स्वतःचे पराग राहत नाहीत आणि पाकळ्या नसल्याने मधमाशी सहसा फिरकत नाही. मग बोटाने किंवा कुंचल्याने पराग लावायचा आणि फांदीला चिठ्ठी बांधायची. शरद ऋतूत फळ उतरवून बिया काढायच्या आणि ओलसर वाळूत ४-५ अंश सेल्सियसला दोन-तीन महिने ठेवायच्या. ही थंडी मिळाल्याशिवाय सफरचंदाचं बी नीट उगवत नाही. रोपं शेतात गेली की पहिलं फळ दिसायला पाच-सहा वर्षं जातात. मग चव घ्यायची, आणि बहुतेक झाडं कापून टाकायची. साधारण दहा हजार रोपांतून एखादं नाव मिळवण्यापर्यंत पोचतं.

१९६० च्या संकरातलं एक रोप १९६२ मध्ये लावलं गेलं. फळं आल्यावर ते निवडलं गेलं आणि त्याला एमएन १७११ हा क्रमांक मिळाला. पुढे १९७६-७७ च्या कडक हिवाळ्यात मूळ झाडाला थंडीचा मार बसला आणि नोंदवहीत "काढून टाका" असा शेरा पडला. मिनेसोटात जातीची पहिली परीक्षा थंडीचीच असते, त्यामुळे शेरा नियमाला धरून होता. मात्र त्याच झाडाची काही कलमं दुसऱ्या ओळीत उभी होती. १९७९ मध्ये केंद्रात आलेले डेव्हिड बेडफर्ड यांनी, या जातीचा निकाल पुरेशा पुराव्याशिवाय लागला असं मानून, त्या कलमांना फळ धरेपर्यंत मुदत दिली. फळं आली तेव्हा त्यांचा पोत आधीच्या कुठल्याच सफरचंदासारखा नव्हता. बेडफर्ड आणि त्यांचे सहकारी जेम्स लूबी यांची नावं शोधक म्हणून असलेलं पेटंट झालं आणि १९९१ मध्ये जात हनीक्रिस्प या नावाने बाहेर पडली. संकरापासून एकतीस वर्षांनी.

जनुकबदल केलेलं सफरचंद जगात आहे, पण ते वेगळं. त्याचं नाव आर्क्टिक. कापल्यावर फोड तपकिरी करणाऱ्या विकराची जनुकं त्यात गप्प केली आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याला फेब्रुवारी २०१५ मध्ये मोकळीक दिली. हनीक्रिस्पशी त्याचा संबंध नाही.

स्टिकरचा मुद्दा इथेच निकालात काढू. हनीक्रिस्पच्या स्टिकरवर आकडा असतो ३२८३. चार अंकी आकडा म्हणजे गल्ल्यावरच्या माणसाला जात आणि भाव कळण्यासाठीची खूण. त्याच्या आधी ९ असेल तर माल सेंद्रिय. ८ हा आकडा जनुकबदल केलेल्या मालासाठी एके काळी राखून ठेवला होता, पण दुकानात तो प्रत्यक्ष वापरला गेला नाही आणि पुढे ती राखीव जागाही काढून घेतली. त्यामुळे ८ शोधून जनुकबदल ओळखता येत नाही, कुठल्याच फळात.

"मॅकून आणि हनीगोल्ड यांची संतती"

हीच ती चूक जिला सबळ कारण आहे. पेटंटच्या कागदात आई-बाप म्हणून हीच दोन नावं छापलेली आहेत, कारण केंद्राच्या नोंदीत तीच होती. रोपवाटिकांच्या माहितीपत्रकांत ती तिथूनच गेली आणि अजून सापडतात. ज्यांनी ही नावं पुढे पाठवली त्यांना दोष देता येत नाही.

पण ती चुकीची आहेत. तपासायची पद्धत समजायला सोपी आहे. डीएनएवरच्या ठरावीक जागी प्रत्येक झाडाकडे दोन खुणा असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली. समजा एका जागी मुलाकडे क आणि ख आहे, आणि ज्याला आपण बाप म्हणतो त्याच्याकडे ग आणि घ. मग तो बाप नाही. एखाद्या जागी मोजणीत चूक होऊ शकते, म्हणून अनेक जागा पाहतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत मॅकून आणि हनीगोल्ड दोन्ही बाद झाले, आणि एक पालक म्हणून कीपसेक ही मिनेसोटाचीच जात जुळली. दुसरा पालक मिळायला २०१७ उजाडलं. तो निघाला एमएन १६२७, कधीच बाजारात न आलेलं आणि नंतर काढून टाकलेलं झाड. ते स्वतः डचेस ऑफ ओल्डनबर्ग या जुन्या रशियन जातीचं आणि गोल्डन डिलिशसचं अपत्य. कीपसेककडून नॉर्दर्न स्पाय आणि फ्रॉस्टबाइट हे आजी-आजोबा आले.

हे कसं होतं? संकरात चुकायच्या जागा ठरलेल्या आहेत. चिठ्ठी पावसात पुसली जाते, शेजारच्या फांदीची चिठ्ठी इकडे येते, कुंचल्यावर आधीच्या झाडाचा पराग राहतो, पेरणीच्या वाफ्यात ओळ सरकते. कागदावर एक नाव आणि वाफ्यात दुसरं, अशी गत फळबागेत नवी नाही. आपल्याकडे रोपवाटिकेतून आणलेलं "हापूस"चं कलम पाच वर्षांनी भलतंच फळ देतं तेव्हा कोकणातल्या बागायतदाराला हेच कळतं.

एक गोष्ट नीट पाहावी. चूक उघड केली ती मिनेसोटा विद्यापीठाच्याच संशोधकांनी, स्वतःच्या नावाजलेल्या जातीबद्दल, आणि छापली.

"साखर बेसुमार वाढवली"

रसातली विद्राव्य घनता ब्रिक्समध्ये मोजतात, त्यात बहुतांश साखर असते. पिकलेल्या हनीक्रिस्पचा ब्रिक्स साधारण १२ ते १४ येतो. फुजीचा अनेकदा १४ ते १६. म्हणजे आपल्या बाजारात सहज मिळणारी फुजी याहून गोड आहे. शंभर ग्रॅम सफरचंदात, जातीनुसार थोडं कमी-जास्त, साखर साधारण दहा ते तेरा ग्रॅम असते. मधुमेह असलेल्यांनी जातीच्या नावापेक्षा फळाचं वजन पाहावं. हनीक्रिस्पचं फळ मोठं होतं, २५० ग्रॅमचं एक अख्खं खाल्लं तर २५ ग्रॅमच्या वर साखर पोटात जाते. अर्धं खाल्लं तर अर्धी.

मग ते एवढं गोड का लागतं? उत्तर पोतात आहे. सफरचंदाचा गर म्हणजे रसाने भरलेल्या पेशी, आणि त्यांना एकमेकींशी चिकटवणारा पेक्टिनचा थर. साठवणीत बहुतेक जातींचा हा थर सैल होतो. चावलं की पेशी न फुटता एकमेकींपासून सुटतात, रस आतच राहतो आणि तोंडाला फळ पिठूळ लागतं. जुना रेड डिलिशस आठवावा. हनीक्रिस्पच्या पेशी मोठ्या असतात, भिंती टिकतात, आतला दाब टिकतो. दात लागला की पेशी कडकन फुटतात आणि सगळा रस एकदम जिभेवर येतो. सोबत बेताचा आंबटपणा असतो, तो गोडीला उठाव देतो. रस जास्त सुटतो म्हणून चव जास्त लागते.

घरी पाहायचं असेल तर हनीक्रिस्पची आणि पिठूळ झालेल्या सफरचंदाची एकेक फोड हाताने मोडा. हनीक्रिस्प मोडताना आवाज येतो आणि मोडलेली बाजू ओली चमकते. पिठूळ फळाची बाजू कोरडी, दाणेदार दिसते.

"बी वांझ ठेवलं"

बी वांझ नाही. थंडीत ठेवून पेरलं तर उगवतं. पण येणारं झाड हनीक्रिस्प नसतं, आणि यात कुणाचा डाव नाही. सफरचंदाच्या झाडाला स्वतःचा पराग चालत नाही, फळ धरायला दुसऱ्या जातीचा पराग लागतो. त्यामुळे प्रत्येक बी संकरित असतं आणि प्रत्येक रोप वेगळं. कोयीपासून वाढवलेला आंबा रायवळ निघतो, तसंच हे. जात जशीच्या तशी ठेवायची तर कलमच करावं लागतं. एम ९, जी ४१ अशा खुंटांवर, म्हणजे मुळांसाठी वापरलेल्या रोपांवर, डोळा भरतात किंवा काडी बांधतात. सफरचंदाची प्रत्येक नावाजलेली जात, शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचीसुद्धा, अशीच टिकली आहे.

"कंपनीचं पेटंट, शेतकऱ्याला मज्जाव"

हे अर्धं खरं. पेटंट होतं. ते १९९० मध्ये मिळालं, सार्वजनिक विद्यापीठाच्या नावे, आणि २००८ मध्ये संपलं. चालू होतं तेव्हाही कुठल्याही बागायतदाराला हनीक्रिस्प लावता येत होतं. रोपवाटिका कलमामागे डॉलर-सव्वा डॉलर स्वामित्वशुल्क विद्यापीठाला देत असे, आणि ते पैसे पुढच्या पैदाशीला मिळाले. २००८ नंतर अमेरिकेत तेही नाही.

मज्जावाची तक्रार नंतरच्या जातींना लागू पडते, आणि ती गंभीर आहे. हनीक्रिस्पचंच अपत्य असलेली स्वीटँगो २००९ मध्ये बाजारात आली ती एका ठरावीक गटालाच लागवडीचा हक्क देऊन. मिनेसोटातल्या काही बागायतदारांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. ज्या राज्याच्या करातून जात निघाली तिथल्या छोट्या शेतकऱ्याला ती मोकळेपणी लावता येऊ नये, हे आम्हालाही पटत नाही. पण ते दुखणं हनीक्रिस्पच्या नावावर लिहिणं चुकीचं आहे. उलट हनीक्रिस्प सर्वांना खुलं राहिलं, हेच त्याच्या पसरण्याचं एक मोठं कारण आहे.

"भाव चढवले आणि जाहिरातीने खपवलं"

जाहिरातीचं आधी. २०१९ मध्ये आलेल्या कॉस्मिक क्रिस्पसाठी, तेही हनीक्रिस्पचंच अपत्य, सुमारे एक कोटी डॉलरची मोहीम होती. हनीक्रिस्पला १९९१ मध्ये असं काहीही नव्हतं. बागेच्या दारात चव घेतलेलं गिऱ्हाईक पुढच्या हंगामात नाव घेऊन परत आलं, मग दुकानांनी मागणी केली, मग बागायतदारांनी जुनी झाडं काढून ही लावली. बाजारही तयार होता. रेड डिलिशसमध्ये वर्षानुवर्षं फक्त लाली निवडली गेली होती, साल जाड आणि गर पिठूळ झाला होता. २००६ मध्ये शाळकरी मुलांच्या मागणीवरून हनीक्रिस्प मिनेसोटाचं राज्यफळ ठरलं.

आता भाव. हनीक्रिस्प महाग आहे, कारण ते पिकवणं आणि टिकवणं दोन्ही त्रासाचं आहे. हे नीट सांगायला हवं.

पहिली अडचण फळांच्या संख्येची. झाडावर जास्त फळं राहिली तर पुढच्या वर्षी फुलोराच येत नाही, हापूस एका वर्षाआड धरतो तसं. कारण फळांतल्या बिया जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतात आणि ते पुढच्या वर्षीची फुलकळी तयार होऊ देत नाही. ही कळी फुलोऱ्यानंतरच्या काही आठवड्यांतच ठरते, म्हणून विरळणी, म्हणजे जादा फळं काढून टाकणं, लवकर व्हायला हवी. उशिरा केली तर फळ मोठं होतं, पण पुढचा बहर वाचत नाही. हिशेब खोडावरून करतात. कलमाच्या जोडापासून ३० सेंटिमीटर वर खोडाचा व्यास मोजायचा. तो ४ सेंटिमीटर असेल तर छेदाचं क्षेत्रफळ होतं १२.६ चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरला चार ते सहा फळं चालतात. पाच धरली तर झाडावर ६३ फळं, त्यावरची हाताने काढायची.

मग फळं फार कमी ठेवली तर? तीही चूक. फळ प्रमाणाबाहेर मोठं होतं आणि त्याला बिटर पिट लागतो. फुलाकडच्या, म्हणजे देठाच्या विरुद्ध टोकाला दोन-चार मिलिमीटरचे खोलगट डाग पडतात, त्याखाली गर तपकिरी, बुचासारखा आणि कडवट होतो. हे फळात कॅल्शियम कमी पडल्याचं लक्षण. जमिनीत कॅल्शियम भरपूर असूनही हे होतं, कारण कॅल्शियम पाण्याच्या वाहिन्यांतून वर येतं, आणि हनीक्रिस्पच्या फळातल्या या वाहिन्या हंगामात लवकर निकामी होतात. नत्र किंवा पालाश जास्त दिलं तर दुखणं वाढतं. म्हणून पाकळ्या गळाल्यानंतर थोड्याच दिवसांत कॅल्शियम क्लोराइडची फवारणी सुरू होते आणि दर १०-१४ दिवसांनी काढणीपर्यंत चालते. उन्हाच्या तावात फवारलं तर पानांच्या कडा जळतात, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ गाठावी लागते. पानातलं कॅल्शियम फळात उतरत नाही, फवारा फळावरच पडायला हवा.

काढणीही एका दमात होत नाही. एकाच झाडावरची फळं वेगवेगळ्या वेळी तयार होतात. सालीचा मूळ हिरवा रंग पिवळसर झालेली तेवढी घ्यायची, बाकीची ठेवायची, असे तीन-चार फेरे. त्यात साल पातळ आणि देठ ताठ. पेटीत एकाचा देठ दुसऱ्यात घुसतो आणि तिथून सड सुरू होते. म्हणून प्रत्येक फळाचा देठ छोट्या कात्रीने आखूड कापतात. हापूस देठासकट उतरवण्याची जी काळजी, तिच्याच तोडीचं हे काम, फक्त उलट दिशेचं.

सर्वांत मोठी कसरत शीतगृहात. बहुतेक सफरचंदं काढल्यावर थेट ० ते १ अंशाला ठेवतात. हनीक्रिस्प तसं ठेवलं तर बिघडतं. सालीवर पट्ट्यासारखे तपकिरी डाग उठतात, त्याला सॉफ्ट स्काल्ड म्हणतात. किंवा आतून गर ओला, तपकिरी आणि स्पंजासारखा होतो, आणि बाहेरून काही कळत नाही. हापूसमधला साका कापल्यावरच दिसतो तसं. उपाय असा की फळं आधी १० अंशाला पाच ते सात दिवस ठेवायची आणि मग ३ अंशाला न्यायची. पण त्याच ऊबदार आठवड्यात बिटर पिट वाढतो. म्हणजे एका रोगाचं औषध दुसऱ्याला खतपाणी. बागेत कॅल्शियमचं काम चोख झालं असेल तरच तो आठवडा परवडतो. अनेक बागांतला बराच माल याच टप्प्यावर बाद होतो, आणि त्याचा खर्च उरलेल्या फळांवर चढतो.

अमेरिकेत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ॲपल पिकिंगला जाणाऱ्यांना यातलं थेट उपयोगी पडेल. झाडावरून स्वतः तोडलेलं हनीक्रिस्प लगेच फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात कोंबू नये. थंड गॅरेजमध्ये वगैरे, १० अंशांच्या आसपास, पाच-सहा दिवस ठेवावं. डाग दिसू लागलेली फळं त्या दिवसांत खाऊन टाकावीत आणि बाकीची ३-४ अंशांच्या कप्प्यात, छिद्रं असलेल्या पिशवीत ठेवावीत. दुकानातून आणलेल्या फळांचा हा आठवडा सहसा झालेला असतो, ती सरळ फ्रिजमध्ये जाऊ द्यावीत.

"महाराष्ट्रातही लावता येतं"

हे मूळ मजकुरात नाही, पण त्याच्या मागोमाग रोपांची विक्री येते, म्हणून उत्तर देणं भाग आहे. हनीक्रिस्पला हिवाळ्यात साधारण ८०० ते १००० तास ७ अंशांखालची थंडी लागते. निफाडचा पारा उतरल्याची बातमी होते तेव्हा तो असतो काही पहाटांचा, दुपारी ऊन परत येतं. तेवढ्यावर हनीक्रिस्पचे डोळे नीट फुटत नाहीत. फांद्यांच्या टोकाला चार पानं, मधला भाग उघडा, आणि फूल आलंच तर विखुरलेलं, आगेमागे. महाराष्ट्रात काही शेतकऱ्यांनी लावलेली सफरचंदं कमी थंडीच्या जातींची आहेत: हिमाचलमधल्या बिलासपूर जिल्ह्यात हरिमन शर्मा यांनी निवडलेली एचआरएमएन ९९, इस्रायलची ॲना, बहामातली डॉर्सेट गोल्डन. त्यांची चव आणि टिकवण वेगळी, आणि त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. कुणी दख्खनच्या पठारासाठी "हनीक्रिस्प"चं रोप विकत असेल, तर ते एकतर हनीक्रिस्प नाही, किंवा इथे फळणार नाही.